अंतराळमोहिमांचे अडथळे : गळती

द्रव इंधनाचे रॉकेट म्हणजे टाक्या, पाइप, पंप आणि व्हॉल्व्ह यांची उभी जोडणी. एका टाकीत इंधन, दुसरीत ते जाळण्यासाठी लागणारा ऑक्सिडायझर. दोन्ही योग्य क्षणी, योग्य दाबाने, योग्य प्रमाणात ज्वलनकक्षात पोहोचले पाहिजेत. नवी मुंबईत महापेच्या टीटीसी औद्योगिक पट्ट्यातल्या एखाद्या रासायनिक कारखान्यातील फिटरला हे वर्णन परके वाटणार नाही. फ्लँजमधून गळती दिसली की तो लाइन बंद करून रिकामी करतो, बोल्ट काढतो, जुने गास्केट खरवडतो, नवे बसवतो आणि समोरासमोरचे बोल्ट आळीपाळीने आवळत जातो. मग सांध्याला साबणाचे पाणी लावायचे आणि बुडबुडा उठतो का ते पाहायचे. उडालेल्या रॉकेटला यातले काहीच लागू नाही. तिथे लाइन बंद करणे म्हणजे मोहीमच बंद करणे.

१२ ऑगस्ट २०२१ रोजी श्रीहरिकोट्याहून निघालेल्या जीएसएलव्ही-एफ१० चे उदाहरण पाहण्याजोगे आहे. पहिले दोन टप्पे सुरळीत चालले. तिसऱ्या, क्रायोजेनिक टप्प्यात द्रवरूप हायड्रोजन उणे २५३ अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवलेला असतो. टाकीतला दाब वाढला तर तो सोडून देण्यासाठी एक व्हॉल्व्ह बसवतात. चौकशी समितीच्या निष्कर्षानुसार या व्हॉल्व्हमधील मऊ सील खराब झाले असावे; त्यातून हायड्रोजन निसटत राहिला आणि टाकीतला दाब हवा तितका राहिला नाही. इंजिनाकडे इंधन ढकलणाऱ्या पंपाला आत येणारा द्रव ठरावीक दाबाने मिळावा लागतो, नाहीतर द्रवाची वाफ होऊ लागते आणि पंप नुसताच फिरतो. इथे तो नीट चाललाच नाही, इंजिनाला इंधन कमी पडले आणि ईओएस-०३ हा उपग्रह गेला. घरच्या प्रेशर कुकरची शिट्टी नीट बसली नाही तर भात कच्चा राहतो, तसाच हा प्रकार, फरक खर्चाचा. याच मालिकेतले पुढचे रॉकेट, एफ१२, २९ मे २०२३ रोजी यशस्वी झाले.

व्हॉल्व्ह गळला तर घात, आणि उघडला नाही तरीही घात. २९ जानेवारी २०२५ रोजी श्रीहरिकोट्याच्या शंभराव्या उड्डाणाने एनव्हीएस-०२ हा दिशादर्शन उपग्रह ठरल्याप्रमाणे सोडला. रॉकेटने काम चोख केले. पण उपग्रहाला वरच्या कक्षेत नेण्यासाठी स्वतःचे इंजिन पेटवायचे होते, आणि ऑक्सिडायझर आत घेणारे व्हॉल्व्हच उघडले नाहीत. उपग्रह लांबट कक्षेतच अडकून राहिला.

माणसे बसलेल्या यानाचीही हीच गोष्ट. जून २०२४ मध्ये सुनीता विल्यम्स आणि बुच विल्मोर या अंतराळवीरांना घेऊन गेलेल्या बोइंगच्या स्टारलायनरमधून हेलियम गळू लागला आणि अंतराळस्थानकाजवळ पोहोचताना पाच थ्रस्टर बंद पडले. जमिनीवर तशाच थ्रस्टरची चाचणी घेतली तेव्हा उष्णतेने फुगलेले टेफ्लॉनचे एक छोटे सील ऑक्सिडायझरच्या वाटेत आल्याचे दिसले. आठवडाभराचा मुक्काम नऊ महिन्यांवर गेला. यान सप्टेंबरमध्ये रिकामेच परतले आणि दोघे १८ मार्च २०२५ रोजी दुसऱ्या यानाने उतरले. भारतीय अंतराळवीर शुभांशु शुक्ला यांचे ॲक्सिअम-४ मोहिमेतील उड्डाण जून २०२५ मध्ये लांबत गेले, त्याचे एक कारण रॉकेटमधील द्रवरूप ऑक्सिजनची गळती हेच होते. ती जमिनीवर सापडली म्हणून फक्त तारीख पुढे गेली.

घन इंधनाच्या मोटरमध्ये पंप नसतो, व्हॉल्व्हचे जाळेही नसते. तिथे सगळी भिस्त आवरणावर, तुकड्यांच्या सांध्यांवर आणि नॉझलवर असते. सांध्यातले रबरी ओ-रिंग थंडीने कडक झाले तर काय होते, ते २८ जानेवारी १९८६ रोजी चॅलेंजर या अमेरिकी यानाच्या अपघातात जगाने पाहिले; त्यात सातही प्रवासी गेले. भारताच्या पीएसएलव्हीचा तिसरा टप्पाही घन इंधनाचा आहे. १८ मे २०२५ रोजी सी६१ उड्डाणात याच टप्प्यातील मोटरचा दाब घसरला आणि ईओएस-०९ कक्षेत गेला नाही. १२ जानेवारी २०२६ रोजी सी६२ पुन्हा तिसऱ्याच टप्प्याच्या अखेरीस वाट चुकले. त्यासोबत सोळा उपग्रह गेले. सी६१ चा चौकशी अहवाल जाहीर न होताच सी६२ उडाले, ही गोष्ट खटकते. एफ१० च्या चौकशीचे निष्कर्ष लोकांपुढे मांडले गेले होते. तोच रिवाज पुढेही पाळायला हवा होता.

या सगळ्याचा महाराष्ट्राशी संबंध दूरचा नाही. महापेहून ऐरोलीचा पूल ओलांडून पूर्व द्रुतगती महामार्गाला लागले की काही वेळात विक्रोळी येते. तिथे गोदरेजच्या कारखान्यात विकास इंजिने घडतात. एलव्हीएम३ रॉकेटच्या मधल्या टप्प्यात अशी दोन इंजिने असतात. त्यांचे इंधन आणि ऑक्सिडायझर एकमेकांना भेटताच पेटतात, ठिणगी लागत नाही. याच रॉकेटच्या दोन्ही बाजूंना जोडलेल्या एस२०० बूस्टरच्या ३.२ मीटर व्यासाच्या आवरणांचे काम पवईला लार्सन अँड टुब्रोत आणि पुणे जिल्ह्यात वालचंदनगरला होते. चंद्रयान-३ नेणारे हेच रॉकेट. गगनयानातून अंतराळवीर नेण्यासाठी त्याचीच सुधारित आवृत्ती निवडली आहे.

माणूस न्यायचा म्हणून तपासण्या कडक झाल्या आहेत. विकास इंजिन १४ जुलै २०२१ रोजी महेंद्रगिरीला सलग २४० सेकंद चालवून पाहिले. रॉकेट बिघडल्यास अंतराळवीरांचा कक्ष ओढून दूर नेणाऱ्या व्यवस्थेची चाचणी २१ ऑक्टोबर २०२३ रोजी श्रीहरिकोट्यात झाली. त्या दिवशी संगणकाने उड्डाणाच्या पाच सेकंद आधी उलटी गणती थांबवली होती आणि दोष दूर करून सकाळी दहाला रॉकेट सोडले गेले. पहिल्या मानवरहित उड्डाणासाठीच्या रॉकेटची जुळणी १८ डिसेंबर २०२४ रोजी तिथेच सुरू झाली. उभा केलेला पहिला तुकडा एस२०० चा, नॉझलच्या टोकाचा होता.