सोंगाड्यापुढे राजा

दुपारी तमाशाच्या फडाच्या गाड्या गावात येतात, राहुट्या उभ्या राहतात आणि फडातला विनोदी नट, सोंगाड्या, चहाच्या हॉटेलात जाऊन बसतो. बोलतो कमी, ऐकतो जास्त. टँकर कधी येतो, विजेची डीपी जळून किती दिवस झाले, रेशन कुठं अडलं. जत्रेतल्या तमाशांच्या राहुट्यांत बसून मी हे काम जवळून पाहिलं आहे. सत्तेची खिल्ली उडवण्याची आपल्याकडची सर्वांत पक्की तालीम इथंच होते, असं माझं ठाम मत आहे.

रात्री गणानंतर गवळण. मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणींना कृष्ण अडवतो, आणि त्यांची म्होरकी मावशी कमरेवर हात ठेवून त्याच्याशी हुज्जत घालते. अडवणाऱ्याला, तो देव असला तरी, जाब विचारायचा ही सवय प्रेक्षकांना वगाच्या, म्हणजे मुख्य कथानाट्याच्या, आधीच लागते.

मग वगातला राजा. नवखा नट इथं घसरतो, राजालाच विनोदी करून टाकतो. जाणत्या फडातला राजा भरदार आवाजाचा, रुबाबाचा असतो आणि शेवटपर्यंत हसत नाही. तो जितका खरा, तितका सोंगाड्याचा वार खोल. मी पाहिलेल्या एका वगात राजा म्हणाला, "आमच्या राज्यात कुणी उपाशी झोपत नाही." सोंगाड्यानं हात जोडले, मान खाली घातली. "खरं हाय महाराज. उपाशी माणसाला झोप लागतीय कुठं?" ढोलकीवाल्याची नजर सोंगाड्याच्या खांद्यावर खिळलेली होती. शेवटचा शब्द सुटला आणि मगच थाप पडली. ती क्षणभर आधी पडती तर शब्दच बुडाला असता.

थोड्या वेळानं राजानं दरबारात अंधार का, असं विचारलं. "डीपी जळलीय महाराज, अर्ज दिलाय." कनातीतली माणसं उठून हसली. पुढच्या खुर्च्यांवरची पुढारी मंडळीही हसली, कारण न हसणं म्हणजे कबुलीच. वगाच्या कथेचा सांगाडा ठरलेला असतो, पण अशी वाक्यं त्या त्या गावातच जन्मतात.

या कलेनं मोठे नट दिले. कवलापूरच्या काळू-बाळू या जुळ्या भावांचे 'जहरी प्याला'तले हवालदार, दादू इंदुरीकरांचा 'गाढवाचं लग्न'मधला सावळ्या कुंभार. वसंत सबनीसांनी हाच बाज 'विच्छा माझी पुरी करा'मधून 1965 मध्ये शहरी रंगमंचावर नेला आणि दादा कोंडक्यांच्या हवालदारानं कोतवालीच्या जागेवरून चाललेली ओढाताण घराघरांत पोचवली. पण राजाला पोटतिडकीनं प्रश्न विचारणारा हा माणूस मुळात बाराबलुतेदारांच्या गावात, मातीवर उभा राहिलेला आहे. शहरी नाटकानं त्याच्याकडून पुष्कळ उचललं, त्या मानानं श्रेय कमी दिलं.

आज अनेक ठिकाणी सिनेमाची गाणीच लांबतात. त्यात ध्वनिक्षेपक रात्री दहाला बंद करायचा असतो, आणि कात्री लागते ती वगाला. वग गेला की राजा जातो, आणि राजाबरोबर त्याला विचारणारा सोंगाड्याही. म्हणून जत्रा कमिट्यांना माझी कळकळीची विनंती आहे: सुपारी देताना पूर्ण वगाची अट घाला, खेळ संध्याकाळी लवकर सुरू करा आणि शेवटपर्यंत बसा.