सिझेरियननंतरचे दुसरे बाळंतपण



गेल्या महिन्यात मच्छे येथील एक तरुण भगिनी आपल्या सासूबाईंना घेऊन माझ्याकडे आली होती. मी आता व्यवसायातून निवृत्त झालो आहे. परंतु ज्याने उभे आयुष्य सूतिकागृहात जागून काढले, त्याच्याकडे सल्ल्यासाठी माणसे येतच राहतात. या मुलीचा नवरा मच्छे येथील औद्योगिक वसाहतीतच एका कारखान्यात नोकरीला आहे. तिचे पहिले बाळंतपण आपल्याकडील रीतीप्रमाणे माहेरी, चंदगड तालुक्यात झाले आणि ते शस्त्रक्रिया करून करावे लागले. आता तिला पाचवा महिना आहे. दुसरे मूल नैसर्गिक रीतीने व्हावे अशी तिची इच्छा आहे, आणि त्यासाठी ती आजवर तीन डॉक्टरांची पायरी चढली आहे.

पहिले डॉक्टर म्हणाले, "एकदा सिझेरियन झाले की पुढचेही सिझेरियनच. तारीख लिहून ठेवा." दुसरे हसून म्हणाले, "पाहू या की! आताच कशाला काळजी?" तिसऱ्या होत्या एक डॉक्टरीणबाई. त्यांनी होकारही दिला नाही आणि नकारही दिला नाही. "पहिल्या शस्त्रक्रियेचे कागद कुठे आहेत?" एवढेच त्यांनी विचारले, आणि कागद नाहीत असे कळताच, ते आणल्यावाचून पुढचे बोलता येणार नाही, असे सांगून तिला परत पाठवले. सासूबाईंना याचा राग आला होता. "डॉक्टरसाहेब, फी घेतली आणि वर कागद आणायला सांगितलं! आता तुम्हीच सांगा, या तिघांत भरवशाचं कोण?"

मी उत्तर दिले, त्या तिसऱ्या बाई. असे उत्तर मी का दिले, तेच आज आपल्यापुढे मांडावयाचे आहे.

पहिल्या डॉक्टरांनी उच्चारलेले वाक्य शंभर वर्षांहून जुने आहे. १९१६ साली न्यूयॉर्कचे प्रसूतितज्ज्ञ एडविन क्रॅगिन यांनी ते लिहिले. ते लिहिण्यामागील त्यांचा हेतू मात्र पुष्कळदा विसरला जातो. पहिली शस्त्रक्रिया करतानाच दहा वेळा विचार करा, कारण पुढे ती टाळणे कठीण जाईल, असा इशारा त्यांना द्यावयाचा होता. त्या काळी गर्भाशयाच्या वरच्या, जाड स्नायूच्या भागावर उभा छेद घेत असत. कळा येतात तेव्हा आकुंचन पावतो तो हाच भाग. तेव्हा तेथला व्रण उसवण्याची भीती खरोखरच मोठी होती. पुढे १९२० नंतरच्या दशकात ग्लासगोचे मन्‍रो कर यांनी गर्भाशयाच्या खालच्या, पातळ भागावर आडवा छेद घेण्याच्या पद्धतीचा जोरदार पुरस्कार केला, आणि आज जगभर बहुतेक शस्त्रक्रिया तशाच होतात. छेद बदलला, भीतीचे कारण पुष्कळसे ओसरले. वाक्य तेवढे शिल्लक राहिले.

आडवा छेद असलेल्या स्त्रीला कळा येऊ दिल्या तर काय होते, याची मोजदाद आता झालेली आहे. ब्रिटनमधील प्रसूतितज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजने २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शिकेनुसार अशा शंभर स्त्रियांपैकी ७२ ते ७५ जणी नैसर्गिक रीतीने प्रसूत होतात; आधी कधी एकदा तरी नैसर्गिक प्रसूती झालेली असेल तर हा आकडा ८५ ते ९० पर्यंत जातो. व्रण उसवण्याचा प्रसंग साधारणपणे दोनशे स्त्रियांत एकीवर येतो. दोनशेत एक हा आकडा लहान आहे. पण त्या एकीच्या बाबतीत काही मिनिटांत शस्त्रक्रिया झाली नाही तर बाळ दगावू शकते आणि आईच्या जिवावरही बेतते. म्हणून हे बाळंतपण घरी किंवा शस्त्रक्रियेची सोय नसलेल्या ठिकाणी करण्याचा विचारही कोणी मनात आणू नये.

दुसऱ्या पारड्यात काय आहे, हेही पाहिले पाहिजे. पुन्हा शस्त्रक्रिया म्हणजे सर्वस्वी निर्धास्त मार्ग, असा एक समज घरोघरी आहे. परंतु प्रत्येक शस्त्रक्रियेबरोबर पुढच्या गरोदरपणातील धोका वाढत जातो. वार गर्भाशयाच्या मुखावर आली असेल, तर ती स्नायूत रुतून बसण्याचा संभव पहिल्या सिझेरियनच्या वेळी शंभरात ३, दुसऱ्याच्या वेळी ११ आणि तिसऱ्याच्या वेळी ४० इतका असल्याचे अमेरिकेतील एका मोठ्या पाहणीत २००६ साली दिसून आले. अशा वेळी रक्तस्राव आवरण्यासाठी गर्भाशयच काढून टाकावे लागते. ज्या घरात तिसऱ्या मुलाची, किंवा खरे बोलायचे तर मुलगा होईपर्यंतची, अपेक्षा आहे, त्या घराने हा आकडा विशेष लक्षात ठेवावा.

हा प्रश्न थोड्या स्त्रियांचा नाही. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील २१.५ टक्के बाळंतपणे सिझेरियनने झाल्याचे आढळले. खासगी रुग्णालयांत हे प्रमाण ४७.४ टक्के होते, सरकारी रुग्णालयांत १४.३. कर्नाटकात ते एकंदर ३१.५ टक्के होते. म्हणजे आपल्या शेजारीपाजारी, दर तीन बाळंतिणींत जवळजवळ एक.

आता त्या तीन डॉक्टरांकडे वळू. पहिल्या डॉक्टरांना मी दोष देणार नाही. ज्यांच्या सूतिकागृहात ते एकटेच आहेत, भूल देणारे डॉक्टर बोलावल्यावर गावातून यायचे आहेत आणि रक्त पेढीतून आणायचे आहे, त्यांनी "हे माझ्याकडे होणार नाही" असे सांगणे हा प्रामाणिकपणाच होय. फक्त "माझ्याकडे होणार नाही" आणि "कोठेही होत नाही" या दोन वाक्यांत फरक आहे, तो त्यांनी स्पष्ट करायला हवा होता.

मला अधिक चिंता वाटते ती दुसऱ्यांची. "पाहू या" हे शब्द कानाला गोड लागतात. स्त्री निर्धास्त होते, दुसरीकडे चौकशी करणे सोडून देते. आणि अडतिसावा आठवडा उजाडला की बाळ मोठे आहे, पाणी कमी आहे, सोनोग्राफीत टाका पातळ दिसतो, अशी कारणे एकेक करून पुढे येतात. यांपैकी एखादे कारण खरेही असू शकते. परंतु टाक्याची जाडी किती असली म्हणजे कळा येऊ द्याव्यात, याचे सर्वमान्य माप अद्याप ठरलेले नाही; केवळ त्या एका आकड्यावर कोणी तारीख देत असेल तर आणखी एका डॉक्टरांचे मत घ्यावे. तेव्हा वेळ असतो तोवर, म्हणजे पाचव्या-सहाव्या महिन्यातच, डॉक्टरांना स्पष्ट प्रश्न विचारावेत. गेल्या वर्षी आपल्याकडे आधीचे टाके असलेल्या किती स्त्रिया आल्या? त्यांपैकी कितींनी कळांची वाट पाहिली आणि किती नैसर्गिक रीतीने प्रसूत झाल्या? बाळंतपणांची वर्गवारी ठेवण्याची रॉबसन यांची पद्धत जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली पुरस्कारिली. तिच्या पाचव्या गटात नेमक्या याच स्त्रिया येतात. जे रुग्णालय ही नोंद ठेवते, त्याला उत्तर देणे अवघड नाही.

याहून महत्त्वाचा प्रश्न रात्रीचा आहे. मध्यरात्री दोन वाजता कळा वाढल्या तर आपल्या इमारतीत कोण कोण हजर असेल? भूलतज्ज्ञ किती वेळात पोहोचतील? माझ्या गटाचे रक्त तयार असेल का? कळा सुरू असताना बाळाच्या हृदयाचे ठोके सतत तपासण्याची व्यवस्था आहे का? व्रण उसवू लागल्याची खूण बहुधा प्रथम त्या ठोक्यांतच उमटते. दोन कळांच्या मध्येही न थांबणारी वेदना, रक्तस्राव, कळा एकाएकी बंद पडणे, या खुणा कधी दिसतात, कधी दिसतही नाहीत.

आणि दिवस भरून गेले तर? या प्रश्नाचे उत्तर मी स्वतः कान देऊन ऐकेन. औषधाने कळा आणल्यास किंवा वाढवल्यास व्रण उसवण्याचा धोका दोन ते तीन पटींनी वाढतो. म्हणून चांगला डॉक्टर आपोआप कळा येण्याची शक्य तितकी वाट पाहतो, आणि गरज पडलीच तर फार जपून पाऊल टाकतो. मिसोप्रोस्टॉल नावाची गोळी कळा आणण्यासाठी अशा स्त्रीला देऊ नये, हे तर ठरलेलेच आहे. या गोळीचा आपल्या जिल्ह्याशी जवळचा संबंध आहे. बेळगावच्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयातील संशोधकांनी अमेरिकेतील सहकाऱ्यांसह २००२ ते २००५ या काळात याच जिल्ह्यातील खेड्यांत १६२० स्त्रियांवर एक चाचणी केली. बाळ जन्मल्यावर लगेच ही गोळी दिली असता अतिरक्तस्रावाचे प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आले, आणि २००६ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेला हा निष्कर्ष जगभर गाजला. गर्भाशय घट्ट आवळण्याची जी शक्ती बाळंतपणानंतर आईचे रक्त वाचवते, तीच बाळंतपणाआधी जुन्या व्रणावर घातक ताण देते. औषध एकच, वेळ तेवढी निराळी.

राहिला कागदाचा प्रश्न. पोटावरचा टाका आडवा दिसला म्हणजे आतला छेदही आडवाच असेल असे नाही. ते फक्त शस्त्रक्रियेच्या टिपणात कळते. डिस्चार्ज कार्डावर "एल.एस.सी.एस." अशी चार अक्षरे असतील तर छेद खालच्या भागावर घेतला होता असे समजावे. उभा छेद असेल, किंवा गर्भाशय पूर्वी एकदा उसवलेले असेल, तर नैसर्गिक प्रसूतीचा नाद सोडावा. शस्त्रक्रिया कशासाठी केली, हेही तेथेच लिहिलेले असते. आणि तेच कारण या वेळी पुन्हा उद्भवणार की नाही, यावर बरेचसे यश अवलंबून असते.

आपल्या सीमाभागात हा कागद हाती लागणे सोपे नाही. पहिले बाळंतपण माहेरी आणि दुसरे सासरी. माहेर पुष्कळदा महाराष्ट्रात आणि सासर कर्नाटकात. शस्त्रक्रियेचे टिपण इंग्रजीत, हातातले तायी कार्ड कन्नडमध्ये आणि बाईची भाषा मराठी. परंतु कायदा तिच्या बाजूचा आहे. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार रुग्णाने मागणी केल्यास ७२ तासांच्या आत नोंदींची प्रत दिली पाहिजे. त्याच नियमांत एक अडचणही दडलेली आहे. आंतररुग्णाचे कागद जपून ठेवण्याचे बंधन उपचार सुरू झाल्यापासून फक्त तीन वर्षांचे आहे. या मुलीच्या पहिल्या बाळंतपणाला दोन वर्षे नऊ महिने झाले होते. डॉक्टरीणबाईंनी घाई का केली, हे तेव्हा कोठे सासूबाईंच्या ध्यानात आले.

मच्छ्याहून बेळगाव आठ-दहा किलोमीटर. पण पिरनवाडी, उद्यमबाग ओलांडून शहराच्या पलीकडच्या टोकाला नेहरूनगरात डॉ. प्रभाकर कोरे रुग्णालयापर्यंत किंवा जिल्हा रुग्णालयापर्यंत सायंकाळच्या गर्दीत किती वेळ लागतो, हे एकदा प्रत्यक्ष जाऊन पाहावे. कळा सुरू झाल्यावर तो हिशेब करू नये. निपाणीकडच्या स्त्रीला कोल्हापूर जवळ पडते. अध्यापन रुग्णालयांत निवासी डॉक्टर रात्रंदिवस असतात हा मोठा लाभ. मात्र त्या रात्री पाळीवर कोण असेल हे सांगता येत नाही. म्हणून तेथील तज्ज्ञांशी झालेला निर्णय केसपेपरवर लिहून घ्यावा. दरमहा ९ तारखेला सरकारी केंद्रांत गरोदर स्त्रियांची मोफत तपासणी असते. ही योजना २०१६ पासून चालू आहे, आणि वर सांगितलेले प्रश्न तेथेही विचारता येतात. सरकारी रुग्णालयांत बाळंतपण, सिझेरियन, औषधे व रक्त यांचा खर्च २०११ च्या जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमानुसार रुग्णावर पडत नाही. आणि कळांच्या वेळी एक स्त्री सोबतीस ठेवण्यास केंद्र सरकारने २०१६ मध्ये मुभा दिली आहे. ती सोबतीण मराठी आणि कन्नड दोन्ही बोलणारी असली तर निम्मे काम झाले.

त्या मुलीचा भाऊ चंदगडच्या रुग्णालयात अर्ज घेऊन गेला. चौथ्या दिवशी प्रत हाती आली. तिच्यावर ती चार अक्षरे होती, आणि कारण लिहिले होते, बाळ पायाळू. या खेपेचे बाळ अजून पोटात फिरते आहे. डोके खाली येते की नाही, हे आठव्या महिन्याच्या अखेरीस समजेल. प्रतीचा फोटो नवऱ्याच्या मोबाइलमध्ये आहे, मूळ प्रत सासूबाईंनी कुलुपात ठेवली आहे, आणि येत्या ९ तारखेला दोघीजणी त्याच डॉक्टरीणबाईंकडे पुन्हा जाणार आहेत.