क्रूझच्या तिकिटातलं कमिशन कुणाच्या खिशात जातं?

"एजंट नको, कमिशन खाईल. थेट कंपनीकडूनच तिकीट काढू." महापालिकेतून निवृत्त झालेल्या आमच्या वस्तीतल्या काही काका-मावशींनी मुंबई-गोवा क्रूझला जायचं ठरवलं, तेव्हा पहिलं वाक्य हेच होतं. आम्ही दोन्हीकडचे भाव काढून दिले. आकडा जवळपास एकच निघाला.

कारण कमिशन बिलावर वरून चढत नाही. कंपनी जो भाव जाहीर करते, त्यातच ते धरलेलं असतं. थेट तिकीट काढलं तर ती रक्कम आपली वाचत नाही, कंपनीकडेच राहते. आणि कंपन्या सहसा एजंटचा भाव पाडत नाहीत. जहाज सुटल्यावर रिकामी केबिन विकता येत नाही, आणि ती भरायला एजंट लागतातच. विमान कंपन्यांचं उलट झालं. अमेरिकेत त्यांनी १९९५ पासून कमिशन कापायला सुरुवात केली, २००२ पर्यंत मूळ कमिशन जवळपास संपवलं, आणि एजंट प्रवाशाकडूनच सेवाशुल्क घेऊ लागले.

मोठ्या परदेशी क्रूझ कंपन्या साधारण दहा ते सोळा टक्के देतात, पण फक्त मूळ भाड्यावर. बंदर शुल्क आणि करांवर कमिशन नसतं. समजा, सिंगापूरहून सुटणाऱ्या जहाजाचं माणशी भाडं ६०,००० आणि बाकी शुल्क १५,००० रुपये आहे. दहा टक्क्यांनी एजंटला ६,००० मिळतात, ७,५०० नाही. घासाघीस करायची ती या सहा हजारांत. जाहिरातीत भाव पाडायला कंपन्या मनाई करतात, म्हणून एजंट बहुधा जहाजावर खर्चायचं क्रेडिट देतो. ते मागावं लागतं. न मागणाऱ्याला कोण देतो?

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. जास्त धंदा देणाऱ्या एजंटला कंपनी टक्का वाढवून देते. त्यामुळे "हेच जहाज घ्या" हा सल्ला आपल्या सोयीचा आहे की त्याच्या, हे तपासावं. वेगळं सेवाशुल्क किती आणि रद्द केल्यास त्यातलं किती परत मिळेल, हे लेखी घ्यावं.

आता कार्यकर्त्यांसाठी थोडं कडू. गटाने बुकिंग केलं की बऱ्याच परदेशी कंपन्या सोळा प्रवाशांमागे एका जागेचं मूळ भाडं माफ करतात. वरच्या हिशेबात ते ६०,००० रुपये, म्हणजे माणशी ३,७५०. ही जागा बहुतेकदा माणसं जमवणाऱ्याला गुपचूप मिळते. त्याने धावपळ केली असेल तर मोबदला जरूर घ्यावा, पण सगळ्यांना सांगून. भविष्यनिर्वाह निधीतून पैसे काढून येणाऱ्या मावशीला तो हिशेब माहीत असायला हवा.

आमच्या गटाला मोफत जागा मिळाली नाही. पण विचारल्यावर एजंटने आपल्या कमिशनातून थोडी रक्कम सोडली. ती सोळा जणांत वाटून कागद सगळ्यांना वाचून दाखवला.