लांबच्या कच्च्या वाटेसाठी गाडी सजवताना: लावायचं काय आणि काढायचं काय

आजचा विषय जाहीर झाल्यापासून आम्हाला एकच प्रश्न सारखा विचारला जातोय: "गाडीला काय काय लावून घेऊ?" यादी आम्ही देणारच आहोत, पण आधी एक अट सांगतो. मनालीहून काझाला जाताना कुंझुम ला लागतो, सुमारे 4,550 मीटर उंचीवर. तिथे सगळ्या सामानासकट आडवी पडलेली गाडी तुम्हाला एकट्याने उभी करता आली पाहिजे. आजची सगळी चर्चा या एका अटीभोवती आहे.

उदाहरणासाठी एकच गाडी धरू, म्हणजे आकडे हवेत राहणार नाहीत. हीरोची एक्सपल्स 200, चार व्हॉल्व्हची. रस्ता आणि कच्ची वाट दोन्हींसाठी बनवलेली, पुढे 21 इंची आणि मागे 18 इंची तारांची चाकं, टाकी 13 लिटरची, वजन साधारण 158 किलो. तुमची गाडी हिमालयन असेल तर वजनाचा आकडा चाळीसेक किलोने वाढवा. हिशोबाची रीत तीच.

पहिल्या खेपेला आम्ही काय केलं, ते सांगतो. दोन्ही बाजूंना धातूच्या पेट्या आणि त्यांचा सांगाडा, 14 किलो, तेही रिकाम्या. पाच-पाच लिटरचे दोन पेट्रोल कॅन भरून 9 किलो. लोखंडी क्रॅश गार्ड 6, हत्यारं 7, तंबू आणि स्लीपिंग बॅग 6, कपडे आणि खाणं 12. एकूण 54 किलो. म्हणजे गाडी झाली 212 किलोची. फोटोत फार छान दिसत होती. (श्रोत्यांत हशा)

बातलच्या अलीकडे एका नाल्यात ती पडली आणि पाय पेटीखाली अडकला. पाणी गुडघ्याएवढं, तेही नुकतंच वितळलेल्या बर्फाचं. मागून दोघे आले म्हणून निभावलं. हाड मोडलं नाही, पण त्या रात्री काझाला पोहोचल्यावर आम्ही सगळं सामान जमिनीवर मांडलं आणि प्रत्येक वस्तूला विचारलं, तू कशासाठी आलीस?

पेट्रोलच्या कॅनपासून सुरुवात करू. ग्राम्फू सोडलं की काझापर्यंत पंप नाही, हे खरं. पण मनाली ते काझा अंतर आहे साधारण 200 किलोमीटर. दगडधोंड्यांत पहिल्या-दुसऱ्या गिअरवर गाडी लिटरला 28 किलोमीटरच देते असं धरा. 13 गुणिले 28, म्हणजे 364. चंद्रतालचा फाटा धरूनही पुरून उरतं. म्हणजे ते 9 किलो आम्ही भीतीपोटी वाहिले होते. कॅन न्यायचा की नाही हे फोटो बघून ठरवायचं नसतं. दोन पंपांमधलं अंतर आणि तुमच्या गाडीचं सगळ्यात वाईट मायलेज यांचा गुणाकार-भागाकार करा, उत्तर मिळतं.

आता पेट्या. धातूची पेटी कुलूपबंद असते, पाऊस आत येत नाही, डांबरी रस्त्यावर उत्तमच. कच्च्यात दोन अडचणी येतात. एक तुम्ही ऐकलीच, पाय अडकतो. दुसरी अशी की पेटी आपटली की सांगाडा वाकतो, आणि वाकलेला सांगाडा गाडीच्या मूळ फ्रेमला ओढतो. जाड कापडाच्या पिशव्या सीटवरून दोन्हीकडे टाकल्या तर तीन-चार किलोंत काम भागतं, आणि गाडी पडली तरी त्या दबतात. आत प्लास्टिकची जाड पिशवी घातली की पाणी शिरत नाही. जड वस्तू खाली आणि पुढे, शक्यतो मागच्या चाकाच्या धुरीच्या पुढे. शेपटाकडे वजन गेलं की पुढचं चाक हलकं होतं आणि वाळूत, चिखलात हँडल ऐकेनासं होतं.

संरक्षण मात्र सोडायचं नाही, फक्त निवडून लावायचं. इंजिनाखालची बॅश प्लेट हवी, कारण दगड लागून इंजिनाचं तेल गळलं तर तिथे उपाय नाही. धातूची पट्टी असलेले हँडगार्ड हवेत. गाडी पडते तेव्हा बहुतेक वेळा क्लचचा नाही तर ब्रेकचा लिव्हर मोडतो. दोन्ही लिव्हर जास्तीचे ठेवा, काही ग्रॅमचा प्रश्न आहे. आणखी एक फुकटची युक्ती: लिव्हरचा क्लॅम्प हँडलवर फार आवळू नका. त्याखाली टेफ्लॉन टेपचे दोन वेढे द्या. मग गाडी पडल्यावर लिव्हर फिरतो, तुटत नाही.

सस्पेन्शनकडे लोक पाहतच नाहीत, आणि तिथे पैसे न घालता सगळ्यात जास्त फरक पडतो. सामान लादा, गाडीवर बसा, आणि मागचं चाक किती दबलं ते मित्राला टेपने मोजायला सांगा. मागच्या सस्पेन्शनची एकूण चाल 170 मिलिमीटर असेल तर साधारण तिसरा हिस्सा, म्हणजे 50 ते 55 मिलिमीटर दबायला हवं. 80 दबत असेल तर प्रीलोड वाढवा. पूर्ण वाढवूनही भागलं नाही, तर याचा अर्थ एक तर स्प्रिंग बदलायची, नाही तर सामान कमी करायचं. दुसरा उपाय स्वस्त आहे.

मग टायर. डांबरावर 28-30 पीएसआय ठीक, खडबडीत वाटेवर 20-22 पर्यंत उतरवलं की पकड वाढते. पण फार उतरवलं तर रिम दगडावर आपटून ट्यूबला सापाच्या दंशासारखी दोन भोकं पडतात. म्हणून हवेचा गेज स्वतःचा, आणि हातपंपही. ट्यूब दोन्ही मापाच्या न्या. एकच नेता येत असेल तर 21 इंचाची घ्या, ती अडीअडचणीला मागच्या 18 इंची चाकातही घालता येते. उलटं जमत नाही.

हत्यारांचा नियम असा: घरच्या अंगणात, फक्त सोबत नेणार त्याच हत्यारांनी, दोन्ही चाकं काढून ट्यूब बदलायची. जे हत्यार लागलं ते पिशवीत, जे लागलं नाही ते घरी. आमची सात किलोंची थैली अशीच चारवर आली. उलट एक गोष्ट थैलीत नव्हतीच, मागच्या धुरीच्या नटाचा पाना. घरी कळलं म्हणून बरं.

आता उंचीचं गणित. कुंझुमवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साठ टक्क्यांहूनही कमी असतो. फ्युएल इंजेक्शन हवेप्रमाणे पेट्रोल कमी करतं, त्यामुळे गाडी काळा धूर ओकत नाही, पण हरवलेली ताकद काही परत येत नाही. एक तृतीयांशाहून जास्त शक्ती गेलेली असते; 19 पीएसचं इंजिन 12 च्या आसपास उरतं. यावर साधा उपाय म्हणजे पुढचा स्प्रॉकेट एक दात लहान घ्यायचा. 13 चा 12 केला की चाकाची ओढ आठेक टक्के वाढते. महामार्गावर इंजिन जास्त फिरेल, म्हणून तो मनालीत बदलला तरी चालतं. पण खरं सांगायचं तर ओढ वाढवण्यापेक्षा वजन उतरवणं सोपं.

जादा दिव्यांबद्दल एवढंच: वीस-वीस वॅटचे दोन दिवे म्हणजे 12 व्होल्टवर साडेतीन अँपिअरच्या आत. वेगळा रिले आणि 5 अँपिअरचा फ्यूज लावा, मूळ वायरिंग कापू नका. आणि दिवे आहेत म्हणून रात्री जाऊ नका. तिथले नाले बर्फाच्या पाण्याचे, सकाळी उतरलेले आणि दुपारनंतर चढलेले असतात. पहाटे निघणं हे कुठल्याही उपकरणापेक्षा मोठं उपकरण आहे.

दुसऱ्या खेपेचा हिशोब ऐका. पिशव्या 4, बॅश प्लेट आणि हँडगार्ड 4, हत्यारं 4, कपडे आणि गरम अंथरूण 8, पाणी आणि खाणं 4. एकूण 24. गाडी 182 किलोंची. तंबू गेला, कारण काझा, लोसर इथे घरांत राहायची सोय होते. तीस किलो उतरले, आणि त्यातली एकही वस्तू आठवली नाही.

श्रोत्यांतून एक चिठ्ठी आली आहे: "उचलायची कशी?" आधी इंजिन बंद. उजवीकडे पडली असेल तर साइड स्टँड आधीच काढून ठेवा, नाहीतर उभी केलेली गाडी पलीकडे जाईल. गिअरमध्ये टाका, म्हणजे चाक सरकणार नाही. हँडल जमिनीकडे पूर्ण वळवा, पाठ सीटला लावून उकिडवे बसा, एक हात हँडलला, दुसरा मागच्या कडीला. मग कंबरेने ओढायचं नाही, पायांनी ढकलत छोटी पावलं मागे टाकायची. उंचीवर घाई करू नका, आधी श्वास जागेवर येऊ द्या.

शेवटी गृहपाठ. येत्या रविवारी संपूर्ण सामान लादा आणि जवळच्या मऊ मातीत, मित्राच्या मदतीने, गाडी हळूच आडवी करा. मग मित्राला बाजूला उभं करा आणि तीनदा उचला. इथे तिसऱ्यांदा जमलं नाही, तर कुंझुमवर पहिल्यांदाही जमणार नाही. तेव्हा दुकानात जाऊ नका. पिशवी उघडा आणि काहीतरी बाहेर काढा.