अर्धशिशी : दुखणे शिरेचे की मज्जातंतूंचे?

'डोक्याची शीर ठणकते आहे', असे अर्धशिशीचा रुग्ण सांगतो, तेव्हा घरची मंडळी बाम चोळून देतात, नाहीतर 'हिचे नेहमीचेच आहे' असे म्हणून मोकळी होतात. हा विकार पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये सुमारे तिप्पट आढळतो. त्यामुळे असे बोल बहुधा त्यांच्याच वाट्याला येतात. म्हणूनच या आजारामागील शास्त्र समजून घेणे अगत्याचे आहे.

प्रत्यक्ष मेंदूला वेदना कळत नाही. ती कळते मेंदूवरील आवरणांना व तेथील रक्तवाहिन्यांना. या रक्तवाहिन्यांभोवती 'ट्रायजेमिनल' या त्रिशाखी मज्जातंतूचे धागे पसरलेले असतात. त्याची पहिली शाखा कपाळ व डोळ्याकडे, दुसरी वरच्या आणि तिसरी खालच्या जबड्याकडे जाते. आवरणातील कळ डोळ्यामागे किंवा कपाळावर जाणवते ती यामुळेच. मेंदूच्या बुंध्याशी व त्याखाली हे तंतू मानेकडून येणाऱ्या तंतूंशी जोडले जातात. म्हणून मानही आखडते.

अमेरिकेतील ग्रॅहम व वुल्फ या डॉक्टरांनी १९३८ साली दाखवून दिले की, अर्गोटामाइन या औषधाने डोक्यावरील धमन्यांचे उडणे मंदावते आणि वेदनाही ओसरते. त्यावरून, रक्तवाहिन्या फुगणे हेच मूळ कारण, असा समज रूढ झाला. पुढे १९९० मध्ये गोड्सबी व एडविन्सन या संशोधकांना अर्धशिशी उठली असताना रुग्णांच्या मानेतील शिरेच्या रक्तात 'सीजीआरपी' हे द्रव्य वाढलेले आढळले. हे द्रव्य त्रिशाखी मज्जातंतूंच्या टोकांतून स्रवते, रक्तवाहिन्या रुंदावते आणि वेदनेचा मार्ग अधिक हळवा करते. मग वाकणे, खोकणे, जिना चढणे अशा साध्या क्रियांनीही कळ उठते. सारांश, आजाराचा उगम मज्जासंस्थेत आहे. रक्तवाहिन्यांचे फुगणे हा बहुतांशी त्याचा परिणाम होय. सीजीआरपीला अटकाव करणारी प्रतिबंधक औषधे २०१८ पासून उपलब्ध झाली आहेत. या संशोधनाबद्दल वरील दोघांसह चार शास्त्रज्ञांना २०२१ चा 'ब्रेन प्राइझ' लाभला.

उपचारांविना हे दुखणे चार तासांपासून तीन दिवसांपर्यंत टिकू शकते. वेळेवर जेवण व पुरेशी झोप यांचा पुष्कळांना लाभ होतो. उपाशी राहिल्याने ज्यांची अर्धशिशी उठते, त्यांनी प्रायश्चित्तकाळात उपवासाऐवजी अन्य त्याग स्वीकारावा. आजारी व्यक्तींवर उपवासाचे बंधन नाही. दुकानातून परस्पर आणलेल्या वेदनाशामक गोळ्या महिन्यातून दहा-पंधरा दिवस घेण्याची सवय जडली, तर त्या गोळ्यांमुळेच डोके दुखू लागते, हेही ध्यानात ठेवावे.

मात्र क्षणार्धात उठलेली असह्य डोकेदुखी, तापासह मान ताठ होणे, एका बाजूचे हातपाय लुळे पडणे, बोबडी वळणे किंवा पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेली डोकेदुखी ही अर्धशिशीच असेल असे गृहीत धरू नये. पहिल्या चार लक्षणांत रुग्णाला तत्काळ इस्पितळात न्यावे. पन्नाशीनंतरच्या डोकेदुखीसाठीही डॉक्टरांकडे जाण्यास विलंब करू नये.

अर्धशिशी हा ढोंगाचा वा आळसाचा प्रकार नव्हे. अंधाऱ्या खोलीत निपचित पडलेल्या आपल्या माणसाला शांतता द्यावी, त्याचे काम आपण उचलावे आणि त्याला डॉक्टरांकडे घेऊन जावे.