एका रॅलेचा बुधवार

सकाळी ७.१०
पुण्याच्या मंगळवार पेठेतला जुना बाजार अजून पुरता मांडलेला नाही. आठवड्यातून दोनदा, बुधवारी आणि रविवारी तो भरतो. ताडपत्र्या पसरल्या जातायत. नळाच्या तोट्या, मिक्सरची भांडी, घड्याळं, पाने, पितळी कड्या. काका कुठेही न रेंगाळता सरळ सायकलींच्या रांगेपाशी जातात. वय पासष्टच्या पुढे. सोमवार पेठेत त्यांचं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे, आठ बाय दहाचं. मला रोज वापरायला जुनी सायकल हवी आहे. दुरुस्तीसकट साडेपाच हजारांच्या आसपास बसली पाहिजे. ती निवडायला ते माझ्याबरोबर आलेत.

पहिलीच सायकल चकचकीत, हिरव्या रंगाची. काका तिला हातही लावत नाहीत. "ताजा रंग मारलाय. खाली काय आहे ते दिसत नाही."

पलीकडे एक काळी उभी आहे. धुळीने राखाडी झालेली. दोन्ही टायर फाटलेले, सीटच्या जागी गोणपाट गुंडाळलेलं. काका खाली बसतात. हँडलच्या मागे जिथे दांडे येऊन मिळतात, तिथे वरच्या आणि खालच्या दांड्याच्या पोटाखालून अंगठा फिरवतात. सायकल समोरून कशावर आदळली असेल, तर तिथे नळीला वळी पडते. "डोळ्याला दिसेलच असं नाही. अंगठ्याला कळते." वळी नाही. मग पुढे उभं राहून एक डोळा मिटून बघतात. दोन्ही चाकं एका रेषेत आहेत. सीटचा पिलर पकडून पिळतात. करकरतो, पण फिरतो. "हा जाम असता तर सोडून दिली असती. पिलर काढण्यातच दिवस जातो."

शेवटी चेनव्हील अंगठ्याने पुसतात. काळ्या मळाखालून लांब मान, चोच. बगळा. एकापाठोपाठ तीन बगळे, लोखंडातच कापलेले, सायकल कंपनीची खूण. रॅले. भारतात आसनसोलला सेन-रॅलेच्या कारखान्यातही रॅले बनत असे. पण हिच्या सीटखालच्या दांड्यावर 'मेड इन इंग्लंड' अजून वाचता येतं. म्हणजे नॉटिंगहॅमची.

विकणारा ४,००० सांगतो. काका उणीदुणी मोजतात. मागचं चाक दुसऱ्या सायकलचं. सीट नाही. टायर, ट्यूब, चेन गेलेली. २,६०० ला सौदा होतो. पैसे मी देतो. चहा त्याच्याकडून.

सकाळी ८.००
दुकानाचं शटर वर जातं. भाचा आधीच आलाय. वय एकोणीस, रोज ४५० रुपये आणि दुपारचं जेवण. तो पंप बाहेर आणतो, पाण्याचं घमेलं भरतो, लोखंडी पेटी उघडतो. हवा पाच रुपये, पंक्चर चाळीस.

रॅले आत टांगली जाते. वरून दोन आकडे लटकतात, एक हँडलला, एक सीटच्या पिलरला. काम डोळ्यासमोर येतं, कंबर वाकवावी लागत नाही.

सकाळी ८.२५
पेपर टाकून परतलेला मुलगा येतो. मागचं चाक बसलंय. त्यानंतर शाळेची दोघं, मग दुधाच्या किटल्या अडकवलेली एक सायकल. भाचा ट्यूब पाण्यात बुडवतो, बुडबुडे शोधतो, खडूने खूण करतो, कानसेने घासतो, सोल्युशन लावून फुंकर घालतो. तासाभरात १७५ रुपये गल्ल्यात पडतात. काका म्हणतात, "जुन्या सायकली मी आवडीने करतो. दुकानाचं भाडं पंक्चर भरतं."

सकाळी ९.४०
आता रॅले. काका भिंतीवरून पाने काढतात. रोजच्या पान्यांवर १०, १३, १५ असे आकडे आहेत. हे वेगळे आहेत. यांच्यावर इंचांचे अपूर्णांक कोरलेले. जुन्या इंग्रजी नटांना मिलिमीटरचा पाना नीट बसत नाही. जवळपास बसतो, मग घसरतो आणि नटाचे कोपरे खातो.

सगळ्यात अवघड काम आधी. कॉटर.

पायडलचा क्रँक ॲक्सलवर या एका तिरप्या खिळीने धरलेला असतो. एका बाजूने सपाट, दुसऱ्या टोकाला आटे आणि नट. वर्षानुवर्षं गंजली की ती क्रँकचाच भाग होऊन बसते. काकांनी आल्याआल्या तेल सोडून ठेवलं होतं. आता नट सैल करतात, पण काढत नाहीत. आट्यांच्या टोकाशी समपातळीत आणून ठेवतात, म्हणजे घाव बसला तरी आटे चेपणार नाहीत. सायकल खाली घेतात. भाचा क्रँकखाली जाड लोखंडी पाइपाचा तुकडा उभा धरतो. पाइपाची पोकळी बरोबर कॉटरच्या डोक्याखाली. पाइप नसला तर घावाचा सगळा मार आतल्या छर्ऱ्यांवर आणि वाट्यांवर जातो.

"हलव नको."

एकच घाव. हळूहळू ठोकत बसलं तर कॉटर वाकतो, असं ते म्हणतात. पहिला निघतो. दुसरा वाकतो. त्याचं डोकं कापावं लागतं, मध्यावर सुंभ्याने खूण करून ड्रिल घालावं लागतं. चाळीस मिनिटं जातात. कॉटरची किंमत वीस रुपये.

सकाळी ११.००
बीबी, म्हणजे पायडलचा ॲक्सल जिच्यात फिरतो ती नळी, उघडली जाते. उजव्या बाजूच्या वाटीला उलटे आटे असतात, हे माहीत नसलेला माणूस तिला सोडवायच्या नादात आणखी घट्ट करतो. काका उजवी वाटी बसलेलीच ठेवतात. डावी काढतात. आतलं ग्रीस काकवीसारखं घट्ट झालंय. भाचा छर्रे बोटाने उकरून झाकणात गोळा करतो. एका बाजूला ११, दुसऱ्या बाजूला १०. "एक कुठेतरी गळालाय. कोणीतरी आधी उघडलीय." पाव इंची छर्रे. एक उचलून काका उजेडात धरतात. चमक गेलीय, अंगावर पांढुरके डाग. सगळे नवे पडणार.

वाट्या, ॲक्सल, डावी वाटी आवळून धरणारी चकती, सगळं डिझेलच्या डब्यात. पूर्वी रॉकेल वापरायचे. आता ते मिळत नाही.

डाव्या वाटीला खड्डा पडलाय. भाचा फळीवरून नवी वाटी आणतो. ती दीड वेढा आत जाते आणि अडते. भाचा पान्याकडे हात नेतो. काका त्याचा हात धरतात.

"थांब. इंचाला किती आटे?"

पेटीतून ते आटे मोजायची पट्टी काढतात. करवतीसारखे दात असलेली. नव्या वाटीवर २४ चे दात बसतात. जुनीवर बसत नाहीत. जुनीवर २६ चे बसतात. रॅलेने आपले आटे वेगळे ठेवले होते. बाकीच्या इंग्रजी पद्धतीच्या सायकलींना २४, हिला २६. जोर लावला असता तर नवी वाटी आत गेली असती, पण फ्रेमचे आटे कापत गेली असती. ते आटे परत करून मिळत नाहीत.

मग डबे उघडतात. बिस्किटांचे, तुपाचे, पावडरीचे पत्र्याचे डबे. भंगारात गेलेल्या रॅले सायकलींमधून काढून ठेवलेल्या वाट्या. तिसऱ्या डब्यात एक गुळगुळीत सापडते. काका नखाने तिचा मार्ग तपासतात. नख कुठे अडत नाही. या वाटीचे पैसे ते लावणार नाहीत. "ती मी विकत घेतलेली नाही."

दुपारी १२.३०
फ्रेम पुसायचं काम भाच्याकडे. मला रंग नवा नको आहे, काकांनाही नको. डिझेलमध्ये भिजवलेलं फडकं, मग कोरडं, मग पॉलिश. घासकागद कुठेही नाही. राखाडी जाऊन काळा येतो. दांड्यांवर सोनेरी रेघ दिसू लागते, केसाएवढी. ती हाताने ओढलेली असते. रेघ जिथे थोडी हललीय, तिथे कारागिराने ब्रश पुन्हा टेकवलाय. भाचा तिथे फडकं हलकं करतो.

हँडलच्या नटाखाली पितळी बिल्ला निघतो. एकेकाळी सायकलवर कर होता आणि तो भरल्याची खूण म्हणून हा बिल्ला लावावा लागे. अक्षरं झिजलीत. काका तो पुसून परत तिथेच बसवतात.

दुपारी १.४५
डबे. भाकरी, मेथी, ठेचा. शटर अर्धं खाली. तरी एकजण वाकून विचारतो, "हवा आहे का?" भाचा घास ठेवून उठतो. पाच रुपये.

काका सांगतात, वडिलांच्या वेळी दुकानात चार माणसं होती. भाड्याच्या सायकली होत्या, तासावर जायच्या. भिंतीवर ॲटलासचा पत्र्याचा फलक आहे. सोनीपतला १९५१ मध्ये सुरू झालेली ती कंपनी. तिचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० ला बंद झाला. त्या दिवशी जागतिक सायकल दिन होता. "तिचे सुटे भाग अजून मागतात लोक," काका म्हणतात आणि डबा बंद करतात.

दुपारी २.३०
चाकं. पुढच्या चाकाला ३२ आरे, मागच्याला ४०. वजन मागे पडतं म्हणून. पुढचे चार गंजून तुटलेत, मागचे तीन. आरा पाच रुपयांना. नवे ओवले जातात आणि चाक चिमट्यात उभं राहतं.

आऊट, म्हणजे चाकाचा वाकडेपणा, काढायला काका स्टुलावर बसतात. रीमच्या कडेला खडू टेकवून चाक फिरवतात. जिथे रीम बाहेर आलीय तिथेच खडू उमटतो. एका बाजूचा निप्पल पाव फेरा आवळायचा, समोरच्या बाजूचा तेवढाच सैल करायचा. पुन्हा फिरवायचं. खडूची रेघ आखूड होत जाते.

आडवा आऊट निघाला तरी ते उठत नाहीत. आता उभा. या सायकलला रॉडचे ब्रेक आहेत. त्यांचे रबर रीमला बाजूने चावत नाहीत, वर ओढले जाऊन रीमच्या पोटाला टेकतात. चाक दोन मिलिमीटर जरी वरखाली उडत असेल, तर ब्रेक प्रत्येक फेऱ्याला धरतो आणि सोडतो. तासभर एका चाकाला, पाऊण तास दुसऱ्याला. रस्त्यावरून बघणाऱ्याला वाटेल, म्हातारा नुसता चाक फिरवत बसलाय.

दुपारी ४.२०
भाचा नाना पेठेतून सामान घेऊन येतो. अठ्ठावीस बाय दीडचे दोन टायर ७६० रुपये. दोन ट्यूब २६०. चेन १६०. ब्रेकची चार रबरं ६०. छर्रे ६०. दोन कॉटर ४०. तो चिठ्ठी आणि उरलेले सुटे पैसे काकांसमोर ठेवतो. काका मोजत नाहीत.

सायंकाळी ४.४५
जोडणी. वाटीत बोटभर ग्रीस, त्यात एकेक छर्रा दाबून बसवायचा. अकरा आणि अकरा. ॲक्सल आत, डावी वाटी आवळायची, मग किंचित सोडायची. ॲक्सल बोटांनी फिरवून बघायचा. खडखडला तर सैल, अडला तर घट्ट. काका डोळे मिटून फिरवतात. तीनदा आवळतात, तीनदा सोडतात.

नवा कॉटर सरळ बसत नाही. त्याची सपाट बाजू कानसेने घासावी लागते. दोन घासे, लावून बघायचं, काढायचं, पुन्हा दोन घासे. कानस कॉटरवर तिरकी चालली तर दोन्ही क्रँक एका रेषेत येत नाहीत आणि पायाला प्रत्येक फेऱ्यात झोल लागतो. दोन्ही कॉटर एकमेकांच्या उलट दिशेने आत जातात, एक वरून, एक खालून. शेवटचा घाव, मग नट.

सायंकाळी ६.१०
रॉडचे ब्रेक जुळवणं. हँडलखालच्या दांडीपासून मागच्या चाकापर्यंत सगळ्या सळ्या आणि बिजागऱ्या. प्रत्येक सांध्यात तेलाचा एक थेंब. बीबीच्या नळीवरही तेलाचं भोक आहे, त्याला छोटं झाकण. ते झाकण अजून जागेवर आहे, याचा काकांना आज सगळ्यात जास्त आनंद झालेला दिसतो. ते भाच्याला बोलावून दाखवतात.

सीट जुन्यातली, स्प्रिंगची, ३०० रुपये.

सायंकाळी ६.५०
काका सायकल रस्त्यावर काढतात. डावा पाय पायडलवर, दोन उड्या, टांग मागून टाकून वर. चौकापर्यंत जातात, वळतात, येताना पायडल मारणं थांबवतात. फ्रीव्हीलचा टिकटिक आवाज एकसारखा येतो. दुकानासमोर ब्रेक दाबतात. सायकल थांबते, धक्का न देता.

सायंकाळी ७.१५
हिशोब वहीच्या मागच्या पानावर. सामान १,३४०. सात आरे ३५. सीट ३००. डिझेल, ग्रीस, पॉलिश १२०. मजुरीपाशी पेन थांबतं. दोन माणसांचा, मधली गिऱ्हाइकं वगळता, जवळजवळ सगळा दिवस. काका १,२०० लिहितात. सायकलचे २,६०० धरून ५,५९५.

त्यातून भाच्याचे ४५०, वीज, दुकानाचं भाडं जाणार. मी मजुरीचा आकडा वाढवायला सांगतो. ते मान हलवतात. "तुमच्याकडून जास्त घेतले, तर उद्या दूधवाल्यालाही तोच दर सांगावा लागेल. तो देऊ शकत नाही." मला हे पटत नाही. खडूची रेघ आखूड करत घालवलेल्या पावणेदोन तासांना, कानसेच्या त्या दोन-दोन घाशांना यापेक्षा जास्त दाम मिळायला हवा. मी भाच्याच्या हातात तीनशे ठेवतो. तो काकांकडे बघतो. काका वहीत बघतात.

सायंकाळी ७.३०
निघताना सूचना. हवा दर आठवड्याला. बीबीच्या भोकात महिन्यातून एकदा तेलाचे चार थेंब, खाद्यतेल अजिबात नाही. पावसात भिजली तर रॉड पुसून ठेवायचे. आणि आठवडाभर चालवून झाली की परत आणायची.

"का? काय राहिलंय?"

"कॉटर. नवा आहे, चालवल्यावर जागा धरतो आणि सैल होतो. पुन्हा एकदा ठोकून नट आवळावा लागतो. तसंच चालवत राहिलात, तर क्रँकचं भोक मोठं होईल, मग हा बगळ्यांचा क्रँक गेला. दोन मिनिटांचं काम आहे. पैसे नाहीत त्याचे. बुधवार सोडून या, बुधवारी सकाळी मी बाजारात असतो."