डिस्प्ले नाही

कॉम्प्युटर दुरुस्तीच्या धंद्यात या आजाराला दोनच शब्द आहेत: डिस्प्ले नाही. गिऱ्हाईक हेच म्हणत दुकानात शिरतं आणि आम्हीही पावतीवर हेच लिहितो. पंखा फिरतो, दिवे लागतात, पडदा काळा. शब्द सोपे आहेत, पण त्यामागे मॉनिटर, केबल, कार्ड, रॅम, पॉवर सप्लाय यांपैकी कोणीही दडलेलं असू शकतं. ताप आलाय म्हटल्यावर डॉक्टरला जेवढं कळतं, तेवढंच मेकॅनिकला यातून कळतं.

यंदा लावणी आटपल्यावर जव्हारजवळच्या साखरशेतला मामाकडे गेलो तेव्हा हाच आजार माझी वाट बघत होता. मामाने पूर्वी भातगिरणीचा हिशेब ज्याच्यावर ठेवला, तो ४८६ कॉम्प्युटर त्याने माळ्यावरून खाली काढून पडवीत टेबलावर मांडला होता. शेजारी १४ इंची जुना मॉनिटर आणि डॉट मॅट्रिक्स प्रिंटर. सगळ्यावरची धूळ ओल्या फडक्याने पुसलेली. ओलं फडकं बघून पोटात गोळा आला, पण बोललो नाही.

"पंखा फिरतोय," मामा म्हणाला, "पण पडद्यावर काही नाही. म्हणजे गेलाच ना रे?"

हिशेबच हवा असता तर हार्ड डिस्क काढून अडॅप्टरने माझ्या लॅपटॉपला लावून बघता आली असती. मामाला मात्र ते यंत्र चाललेलं बघायचं होतं. खरं सांगायचं तर मलाही.

पेटी उघडली. आत आयसा स्लॉटमध्ये ट्रायडेंटचं ९०००आय कार्ड. नव्वदच्या दशकात असेंबल्ड मशिनांत स्वस्तातलं कार्ड म्हणून हे हटकून दिसायचं. ५१२ केबी मेमरी, मधोमध एक मोठी चिप, कडेला सॉकेटमध्ये बसवलेली २८ पायांची बायॉसची चिप. 'आय' म्हणजे इंटिग्रेटेड. आकड्यांचा रंग करणारा भाग आणि क्लॉक दोन्ही त्या मोठ्या चिपच्या पोटातच. म्हणजे ती चिप गेली तर कार्ड गेलं. दुरुस्त करण्यासारखं जे काही आहे ते तिच्या बाहेर.

मग मी तेच केलं जे सगळे करतात. कार्ड उपसलं, सोनेरी पट्ट्यांवर शाळेतलं पांढरं खोडरबर घासलं, पुन्हा बसवलं. खोडरबर हा आमच्या धंद्यातला अंगारा आहे. जव्हारच्या पावसाळ्यात धुकं घरात शिरतं, पट्ट्यांवर थर चढतो, ज्याला आम्ही सरसकट 'कार्बन' म्हणतो, आणि रबराने तो निघतोही. दहात चारदा मशिन यानेच उठतं. म्हणूनच ही सवय वाईट. उठलं तर का उठलं ते कळत नाही, नाही उठलं तर आपण पुन्हा रबर मारतो. मी तीनदा मारलं. स्लॉटही बदलून बघितला. पडदा काळाच.

दुकानात असतो तर दुसरं कार्ड लावून पाच मिनिटांत निकाल लावला असता. इथे दुसरं कार्ड कुठून आणणार? जव्हारच्या दुकानात प्रिंटरची शाई आणि मोबाइलची कव्हरं मिळतात, आयसा कार्ड नाही. लॅमिंग्टन रोड दीडशे किलोमीटरच्या घरात. तेव्हा हाताशी होतं त्यावरच भागवायचं ठरवलं: मल्टीमीटर, २५ वॉटचं सोल्डरिंग आयर्न, डॉसची एक फ्लॉपी, आणि माझा एक एलसीडी मॉनिटर.

आधी मॉनिटर. जुन्याचा दिवा नारिंगी, आणि माझ्या एलसीडीवर स्वतःच्या केबलने 'नो सिग्नल'. दोन वेगळे मॉनिटर, दोन वेगळ्या केबली, तक्रार एकच. म्हणजे ते दोघे निर्दोष. शिवाय 'नो सिग्नल' हेही एक उत्तर असतं. नुसता रंग येत नसता तर मॉनिटर जागा राहून काळा पडदा दाखवत बसला असता. इथे त्याला सिंकच मिळत नव्हता, म्हणजे ओळ कुठे संपली आणि पान कुठे संपलं हे सांगणारा इशारा.

मग कान. मशिन चालू केल्यावर काहीच वाजलं नाही, आणि मदरबोर्डच मेला असं मनात आलं. नंतर बघतो तर आतल्या स्पीकरची वायर सुटून लोंबत होती. ती लावली. एक तोकडी बीप. एकच! अवॉर्डच्या बायॉसमध्ये एक लांब आणि दोन तोकड्या बीप म्हणजे डिस्प्ले कार्डाची तक्रार. एएमआयच्या बायॉसमध्ये आठ बीप म्हणजे कार्डावरच्या मेमरीची. एक तोकडी म्हणजे सगळं ठीक आहे. मशिनच्या मते कार्ड जागेवर होतं आणि बोलत होतं.

पण बीपनंतर पुढे हालचाल नाही. फ्लॉपी घातली होती, तिचा दिवा लागेना. पाच-सात मिनिटं मी नुसता बघत बसलो. मग उजेड पडला. बोर्डावरचा गोल सेल कधीचाच उतरलेला असणार. अशा वेळी मशिन पडद्यावर चूक दाखवतं आणि एफ-१ दाबायची वाट बघत थांबतं. पडदा आम्हाला दिसत नव्हता, पण म्हणून त्याने विचारायचं थोडंच सोडलं होतं. एफ-१ दाबला. फ्लॉपी कण्हत कण्हत फिरायला लागली.

इथून पुढे आंधळी कोशिंबीर. नुसत्या फ्लॉपीवरून उठलेला डॉस आधी तारीख विचारतो, मग वेळ. दोनदा एंटर. प्रिंटरला कागद लावला आणि न बघता टाइप केलं: डीआयआर, मग मोठेपणाचं चिन्ह, मग पीआरएन. म्हणजे यादी पडद्यावर नको, प्रिंटरवर काढ. एंटर. प्रिंटरचं डोकं खर्र करून धावलं आणि कागद कोरा बाहेर आला. रिबन वाळून खडखडीत झालेली.

"थांब," मामा म्हणाला आणि गिरणीच्या जुन्या पावतीपुस्तकातला कार्बन पेपर घेऊन आला. कागद, त्याखाली कार्बन, त्याखाली दुसरा कागद. डॉट मॅट्रिक्स ठोकूनच छापतो, त्याला शाई कोणाची याचं सोयरसुतक नाही. पुन्हा तीच आज्ञा. खालच्या कागदावर निळसर अक्षरांत फायलींची यादी उमटली. प्रत्येकीपुढे ३१ मे १९९४ ही तारीख आणि वेळ सकाळी ६:२२. हा डॉस ६.२२ होता, आणि मायक्रोसॉफ्टने फायलींची वेळच आवृत्तीच्या आकड्याची ठेवली होती.

मामाने कागद उलटसुलट करून बघितला. "म्हणजे आतून जिवंत आहे."

आतून जिवंत आहे हे कळल्यावर कार्डालाही प्रिंटरमार्फतच विचारायचं ठरवलं. डिस्प्ले कार्डाची स्वतःची बायॉस असते आणि ती मशिनच्या मेमरीत सी००० या पत्त्यावर दिसते. कॉपी कॉनने न बघता दोन ओळींची फाइल बनवली, पहिल्या ओळीत तो पत्ता वाचायची आज्ञा, दुसरीत बाहेर पडायची. ती डीबग या प्रोग्रामला खाऊ घातली आणि उत्तर प्रिंटरकडे वळवलं. पहिल्यांदा कुठेतरी चुकलो, काहीच छापलं नाही. दुसऱ्यांदा लाइट गेली. तासाभराने आली, तेव्हा पुन्हा एफ-१, दोन एंटर आणि सगळं पहिल्यापासून. तिसऱ्यांदा कार्बनखालच्या कागदावर आकड्यांच्या ओळी आल्या. सुरुवातीलाच ५५, एए, ४०.

५५ एए ही खूण. मशिन उठताना मेमरी चाळत जातं, ही जोडी दिसली की इथे एखाद्या कार्डाची बायॉस आहे असं समजतं. पुढचा आकडा लांबीचा. ४० म्हणजे सोळाच्या पाढ्यातले ६४ तुकडे, प्रत्येकी ५१२ बाइटचे, एकूण ३२ केबी. बरोबर. आणि उजवीकडच्या अक्षरांच्या रकान्यात चक्क आयबीएमचं नाव. कार्ड ट्रायडेंटचं, पण व्हीजीए ही चाल १९८७मध्ये आयबीएमने आणली आणि काही जुने प्रोग्राम ठरलेल्या जागी ते नाव आहे का हे तपासायचे. मग नक्कल करणाऱ्यांनीही ते नाव तिथे कोरून ठेवलं.

याच बायॉसमध्ये पडद्यावरच्या अक्षरांचे साचेही असतात. अक्षरं २५६, देवनागरी त्यात एकही नाही. म्हणून मामाने गिरणीचा सगळा हिशेब, गिऱ्हाइकांच्या नावांसकट, रोमन लिपीत ठेवला होता. त्या काळात देवनागरी हवी तर पुण्याच्या सी-डॅकचं जिस्ट कार्ड वेगळं घ्यावं लागे. ते कार्ड बसवलं की डॉसच्या पडद्यावर मराठी दिसायची. मामाच्या गिरणीला एवढा खर्च कुठला परवडायला.

असो. आता गुन्हेगाराला लपायला जागा थोडी उरली होती. स्लॉट ठीक, बायॉस ठीक, मोठी चिप निदान बोलते आहे. राहिला तो मागचा १५ छिद्रांचा सॉकेट आणि तिथवरची वाट.

मशिन बंद करून मीटर ओहमवर घेतला. त्याची सुई छिद्रात शिरेना, म्हणून वायरमधली तांब्याची एकच तार काढून ती आत घातली. १ नंबरचं छिद्र लाल रंगाचं, २ हिरव्याचं, ३ निळ्याचं. प्रत्येकापासून ग्राउंडपर्यंत ७५ ओहम यायला हवेत. आले ७५, ७५, ७६. म्हणजे रंगांच्या वाटा सॉकेटपासून आतपर्यंत अखंड. सिंकच्या वाटेवर असा ठरलेला आकडा नसतो, ती चालू असतानाच तपासावी लागते.

मग त्याच तारेचं टोक सोडून वर टेप गुंडाळली आणि ती चालू मशिनच्या १४ नंबरात घातली. व्होल्ट ०.०२. १३ नंबरात ०.०१. दोन्ही मेले! चिपच गेली म्हणून मी आयर्नचा प्लगसुद्धा काढून टाकला.

चहा पिताना हिशेब करून बघितला. डॉसच्या अक्षरांच्या पडद्याला सेकंदाला ७० पानं आणि ३१,५००च्या आसपास ओळी लागतात. १४ नंबर पानाचा इशारा देतो. या मोडमध्ये तो ४४९ ओळींपैकी फक्त दोन ओळी वर असतो, बाकी वेळ खाली. मीटर दाखवतो सरासरी. पाच व्होल्टाच्या ४४९मधले दोन भाग म्हणजे ०.०२च. म्हणजे १४ नंबर मेला नव्हता, तो अगदी बरोबर वागत होता. १३ नंबर ओळीचा इशारा देतो आणि त्याची तऱ्हा उलटी, बहुतेक वेळ वर, जरासा वेळ खाली. तिथे तीन-चार व्होल्ट यायला हवे होते. तिथला शून्य मात्र खराच शून्य होता. दोन शून्यांतलं एक निरोगी असतं हे मला दुकानात इतकी वर्षं काढूनही चहाच्या कपापर्यंत आठवलं नव्हतं.

कार्डाच्या पाठीमागे, १३ नंबरच्या पायाकडे येणाऱ्या तांब्याच्या रेषेवर मीटर टेकवला. ३.७ व्होल्ट. त्याच रेषेच्या टोकाला, केसभर अंतरावर, पायाच्या शेंड्यावर शून्य.

कार्ड काढलं आणि मामाचा पोथी वाचायचा भिंगाचा चष्मा मागून घेतला. पायाभोवतीचं सोल्डर वरून चकचकीत, आणि त्यात पायाला वेढून एक बारीक काळी गोल रेघ, केसाएवढी. ड्राय सोल्डर. पाय सोल्डरमध्ये उभा होता, पण त्याला चिकटलेला नव्हता. कारणही समोरच होतं. जुन्या मॉनिटरची केबल जाड, टोकाशी जड गाठ, आणि प्लगच्या बाजूचे दोन स्क्रू कधी आवळलेच नव्हते. सगळा भार पायांवर. टेबल भिंतीला सरकवलं की प्लग दाबला जायचा, ओढलं की हिसका बसायचा. यात कोणाचा दोष काढायचा? ते स्क्रू आवळणारा माणूस मी तरी फार बघितलेला नाही.

आयर्न पुन्हा तापवलं. पायावर थोडी पेस्ट, जुन्या सोल्डरमध्ये नव्याचा एक थेंब, तीन सेकंद. काळी रेघ वितळली आणि सोल्डर पायाला धरून वर चढलं. शेजारच्या चौदा पायांनाही तोच शेक दिला. एकाची ही गत झाली तर बाकीचे रांगेतच असणार. कार्ड बसवलं, केबल लावली, आणि मामाकडून स्क्रूड्रायव्हर घेऊन दोन्ही स्क्रू आवळले.

एक बीप. एलसीडीवर ट्रायडेंटचं नाव झळकलं, मग मेमरी मोजली गेली, मग सेल उतरल्याची तक्रार आणि खाली एक ओळ.

मामाने चष्मा परत घेऊन ती अक्षर अक्षर वाचली. "एफ-१ दाब म्हणतोय."

दाबला. हार्ड डिस्क त्याला सापडली नाही, कारण सेलबरोबर तिची मापंही पुसली गेली होती. तिच्या लेबलवरचे सिलिंडर, हेड आणि सेक्टरचे आकडे वाचून सेटअपमध्ये हाताने भरले, तेव्हा ती लागली. सेल सीआर २०३२ नंबरचा आहे, जव्हारला घड्याळवाल्याकडे मिळतो.